तुंबलं की अक्कांना हाक

आमच्या गल्लीत कुणाचा संडास तुंबला की लोक प्लंबरला फोन करायच्या आधी आमच्या फाटकाशी येऊन विचारत, "अक्का आहेत का?" अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्या पूजेला बसलेल्या असल्या तर आतूनच प्रश्न यायचा, "पाणी थांबलंय की वर चढतंय?" थांबलं असेल तर आरती पूर्ण व्हायची. चढत असेल तर त्या देवांना "आलेच" म्हणून सांगत आणि पदर खोचून निघत. परत आल्यावर डोक्यावरून अंघोळ, आणि मग आरती जिथे सोडली होती तिथून पुढे.

लग्न होऊन त्या सोलापूरहून बंगळुरूला आल्या, ते सासऱ्यांच्या सरकारी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. तिथे तक्रार नोंदवली की माणूस त्याच्या सवडीने यायचा, आणि कुणाची वाट बघणं अक्कांच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे ही विद्या त्यांनी निव्वळ वैतागातून कमावली. पुढे कोरमंगलात घर बांधलं तेव्हा इथे मोकळी मैदानं होती. आता चारी बाजूंनी कॉफीची दुकानं आणि पोरापोरींची पीजी झाली, पण अक्कांची कीर्ती हटली नाही. शेजारच्या कन्नड बायका त्यांना अक्का म्हणत, म्हणून त्यांचा मुलगाही अक्का म्हणायला लागला, आणि मीही. नागपूरहून नवी नवरी म्हणून आले तेव्हा आईने फोनवर विचारलं, "सासूबाई काय करताहेत गं?" मी खरं ते सांगितलं. आई म्हणाली, "नंतर हात धुतात ना?"

हत्यार घरचंच होतं. दुधाच्या पिशव्या धुऊन, दोरीवर चिमटे लावून वाळवायच्या. त्यातल्या चार-पाच लादी पुसायच्या मॉपच्या डोक्यावर चढवून सुतळीने घट्ट आवळायच्या. मॉप संडासाच्या भांड्यात नीट बसवायचा आणि हापसायचा. "ढकलायचं हळू, ओढायचं जोरात," त्या सांगत. "सगळे उलटं करतात आणि मग भिंती पुसत बसतात." शेवटी उंचावरून बादलीभर गरम पाणी. उकळतं नाही, भांडं तडकतं. ॲसिडची बाटली कुणाच्या हातात दिसली की त्या खवळत. "घाण तिथेच राहील, पाइप जाईल!"

पण मॉपला हात लावायच्या आधी चौकशी असे. घरातली सगळी माणसं बाथरूमच्या दाराशी गोळा करून त्या विचारत, "काय टाकलंत?" कुणीच काही टाकलेलं नसे. मग अक्का बादली उपडी घालून तिच्यावर बसत आणि कानडीत 'ठीक आहे' म्हणत. "सरी. स्वल्प वेळ घ्या. घाई मला नाही, तुम्हाला आहे." आणि खरंच, एकाच संडासाच्या घरात घाईइतकं माणसाला प्रामाणिक करणारं दुसरं काही नाही. समोरच्या काकांना मधुमेह होता. काजूकतलीचा रिकामा डबा फाडून त्यांनी तुकडे आत सोडले होते. ते असेच त्या बादलीपुढे कबूल झाले, काकूंच्या देखत. अक्कांचा नियम एकच. जो सांगेल त्याला माफी, मात्र नंतर बाथरूम त्याने घासायची. जो सांगणार नाही त्याची गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर.

हे सगळं दार सताड उघडं टाकून चाले. अक्कांना बघायला माणसं लागत. पाणी घळकन खाली गेलं की त्या मागे वळून सगळ्यांकडे बघत, आणि आपण काहीतरी बोलायचं असे. मी पहिल्यांदा "छान" म्हणाले. त्यांना ते फार कमी वाटलं.

आमच्या वरच्या मजल्यावर ऋजुता भाड्याने राहायला आली. पुण्याची, कुठल्याशा कंपनीत कोडिंग करणारी. तिने वर काही टाकलं की खाली आमच्याकडे पाणी चढायचं, असा त्या पाइपचा स्वभाव. पहिल्याच महिन्यात अक्कांनी मॉपच्या टोकाला पांढऱ्या वाइप्सचा हा एवढा झुपका ओढून काढला आणि तिला खाली बोलावलं.

"पण अक्का, पाकिटावर फ्लशेबल लिहिलंय! लिटरली लिहिलंय."

"लिहिणारा आलाय का काढायला?"

"सॉरी. मी खरंच चेक केलं होतं."

"सॉरी त्या ब्रशला म्हण. तो बघ, कोपऱ्यात आहे."

ऋजुताने बाथरूम घासली, वाईट घासली, अक्कांनी पुन्हा घासायला लावली. माझा नवरा विनय मात्र तिला बजावून आला की परत असं झालं तर दुसरं घर बघ.

विनय त्या दिवसांत एकूणच वैतागलेला असे, आणि कारण अक्काच होत्या. त्यांना कमी दिसायला लागलं होतं आणि विसरायलाही होत होतं. दूध करपलं ते एकदा नाही. मग एका दुपारी रिकामा कुकर पेटत्या गॅसवर राहिला. शेजारणीला वास आला म्हणून कळलं. विनय म्हणाला, "अक्का, आता आणखी काही बिघडलं तर स्वयंपाकाला बाई ठेवणार. वाद नको." अक्का म्हणाल्या, "सरी." पण नंतर मला एकटीला गाठून म्हणाल्या, "बाईच्या हातचं जेवायला मी काय हॉटेलात राहते? चूल गेली तर मी या घरात उठून करू काय सकाळी?" मी विनयच्या बाजूची होते. गॅस उघडा राहतो, ही गोष्ट माया केल्याने सुटत नाही. त्या दिवसापासून अक्का गॅसची बटणं बोटांनी चाचपून बघायला लागल्या. जाता-येता, उगीचच. घरात कुणी शिंकलं तरी त्यांचा हात बटणांकडे जाई.

आणि एका एकादशीला सकाळी मी उठले तर बाथरूमचं दार आतून बंद, आणि आत मॉपचा ओळखीचा आवाज. दार बंद! चौकशी नाही, बादली उपडी नाही, माणसं गोळा केलेली नाहीत. मी दार ठोठावलं.

"अक्का, तुंबलाय का?"

"काही नाही. तू चहा घे."

"मी येऊ?"

"नको म्हटलं ना. गरम पाणी तेवढं दे."

दार फटीएवढं उघडलं, बादली आत गेली, दार लागलं. पाणी ओतल्याचा आवाज आला. मग आतून आलं, "अय्यो!" बाथरूममध्ये त्यांच्या तोंडून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. थोड्या वेळाने कडी निघाली. त्यांचे हात थकले होते.

भांड्यात साबुदाणा होता. पातेलंभर. रात्री भिजवताना एकदा पाणी घातलेलं विसरून त्यांनी पुन्हा घातलं होतं, सकाळी त्याचा चिखल झाला होता. ओल्या कचऱ्याचा डबा रोज विनयच बाहेर नेतो, तेव्हा तिथे टाकायची सोय नव्हती. मग राहिली ही एकच जागा. तिथे तो अडकला, आणि त्यावर अक्कांनी स्वतःच्या हाताने गरम पाणी ओतलं. आता तो छान शिजला होता. काचेसारखा पारदर्शक, फुगलेला, पाणी वर धरून बसलेला.

मी विचारलं, "अक्का, काय टाकलंत?"

हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला असेल. "तुला दिसतंय ना? मग कशाला विचारतेस?"

तेवढ्यात पॅसेजमधून विनयचा आवाज आला. "परत तुंबला? वरच्या पोरीचेच वाइप्स असणार. बास झालं. आज सांगतोच तिला, महिनाअखेर घर खाली कर." आणि तो तरातरा जिना चढायला लागला.

अक्कांनी फक्त गप्प बसायचं होतं. मी तर काही बोलणारच नव्हते. हा त्यांचा मामला होता. त्या मॉपच्या दांड्याला धरून उभ्या होत्या, साडीचा काठ ओला, आणि ओठ असे मिटलेले की मला वाटलं, आता त्या काही बोलत नाहीत. वर विनयने बेल वाजवली. ऋजुताने दार उघडल्याचा आवाज आला.

"विनय, खाली ये!" अक्का मॉपसकट जिन्यापाशी गेल्या. "वाइप्स नाहीत. साबुदाणा आहे."

"तिने साबुदाणा टाकला?"

"तिला साबुदाणा कशाशी खातात ते तरी माहीत आहे का? माझा आहे. दोनदा पाणी घातलं मी."

विनय जिन्यात थबकला. वर ऋजुता दारात उभी, केस पिंजारलेले, हातात चार्जर.

"मग लपवलास कशाला, अक्का? सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू बाई आणली असतीस."

"ती आता पण आणणार."

"कळतंय मला. आण. त्या पोरीला घर सोडायला सांगू नकोस म्हणजे झालं."

एवढं बोलून त्या आत आल्या. हातात जोर उरला नव्हता, म्हणून मॉप मी घेतला. गार पाणी घालून, हळू ढकलून, जोरात ओढून बऱ्याच वेळाने ती खिचडी गेली. बाथरूम घासायला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. नियम त्यांचाच होता.

स्वयंपाकाला मंजुळा यायला लागली. अक्का भांडल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून नुसत्या बसायच्या, आणि मंजुळाने सांबारात गूळ जास्त घातला तरी बोलायच्या नाहीत. त्याचीच आम्हाला धास्ती वाटायला लागली. गल्लीतून हाक आली तर म्हणायच्या, "प्लंबरला बोलवा. मला आता जमत नाही."

पुढच्या एकादशीला खुर्ची रिकामी दिसली. वरून जिऱ्याच्या फोडणीचा वास येत होता. ऋजुताने सकाळी येऊन विचारलं होतं म्हणे, "अक्का, मला खिचडी शिकवता? माझी टोटल फेव्हिकॉल होते." अक्का तिच्या स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या, गॅसची बटणं पोरीच्या हातात होती. मी वर गेले तर मला म्हणाल्या, "विनयने खालच्या चुलीचं सांगितलंय. ही भाडेकरूची चूल. इथे त्याचं काय चालतं?" मग शिरा झाला, थालीपीठ झालं, आमटी झाली. विनय वरचा नळ गळतो का बघायला रविवारी जेवायच्या वेळेलाच जायला लागला.

हे दोन-अडीच वर्षं चाललं. शेवटच्या आजारपणात अक्का दवाखान्यात होत्या तेव्हा एकादशी आली. ऋजुता ऑफिसला दांडी मारून खिचडीचा डबा घेऊन आली. अक्कांनी एक चमचा खाल्ला, बराच वेळ घोळवला, आणि म्हणाल्या, "बरी झालीय." मग विनयला म्हणाल्या, "एकादशीला मंजुळाला सुट्टी देत जा. खालच्या स्वयंपाकघरात ही करेल."

विनय म्हणाला, "सरी, अक्का."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. आता दर एकादशीला ऋजुता सकाळीच खाली येते, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. गेल्या खेपेला साबुदाण्याचा पार गोळा झाला. तिने तो तसाच ताटात वाढला. विनयने काही न बोलता संपवला आणि परत मागून घेतला.