स्वयंपाकघरातला केळीचा खांब

आमच्या डोंबिवलीच्या घरात, स्वयंपाकघराच्या डाव्या कोपऱ्यात, ओट्याला खेटून एक बिडाचा पाइप उभा आहे. तो मूळचा घराबाहेरचा. इमारत बांधली तेव्हा तिथे गॅलरी होती आणि तिच्या कोपऱ्यातून तो चारही मजल्यांचे सांडपाणी खाली नेत असे. पुढे सगळ्यांनी केले तसे आम्हीही गॅलरी आत घेतली, मधली भिंत पाडली, आणि उन्हापावसात वाढलेली ती वस्तू डाळ-तांदळाच्या डब्यांशेजारी येऊन राहिली. भिंत गेली, पण तिच्या माथ्यावरचा बीम गेला नाही. कपाळावर आठी असावी तसा तो अजून छताखालून आडवा जातो. जमिनीवर दोन बोटे उंचीची पायरी राहिली. तिला प्रत्येक पाहुणा एकदा तरी ठेचकाळला.

त्या पाइपवर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचे स्वतःच्या घरात राहणे अवलंबून होते. हे मला कळले तेव्हा मी तो प्लायवूडच्या खोक्यात बंद करून, खोक्याला रंगाचा दुसरा हातही मारून घेतला होता.

आईने तो कधी झाकला नाही. सुरुवातीला तिने त्यावर मनीप्लांट चढवून पाहिला. फोडणीच्या वाफेने तो पिवळा पडला. मग एका दिवाळीत खिडकीच्या गजांचा ऑइलपेंट उरला, तेव्हा तिने पाइपला फिकट हिरवा रंग दिला, सांध्यांवर तपकिरी वळी काढली आणि अगदी वर, छताजवळ, स्टुलावर उभे राहून दोन लांब पाने रंगवली. पाने खाली लोंबत होती.

बाबा चहाचा कप घेऊन दारात आले. "हे काय, सशाचे कान?"

"केळीचा खांब आहे," आई म्हणाली. "सत्यनारायणाला चार लागतात. एक कायमचा झाला. आता तुम्ही फक्त तीन आणा."

दर दोन-तीन दिवाळ्यांनी ती त्याला नवा हात देत असे. टर्पेंटाइनचा वास आणि चकल्यांचा वास एकत्र आला की दिवाळी आली असे माझ्या नाकाला आजही वाटायला हवे. वाटते, असे मी काही काळापूर्वी लिहिले असते.

पाइपचा दुसरा उपयोग बायकांनी शोधला. वरच्या काकू आपल्या ओट्यापाशी पितळी बत्त्याने पाइपवर तीन टोले देत. आई खालून उलथन्याच्या दांड्याने उत्तर देई आणि दोघी आपापल्या खिडकीतून डोकी बाहेर काढत. साखर, कडीपत्ता, पाणी गेले का, नळाला आले का. भाऊ आणि मी त्याला आईचा टेलिफोन म्हणत असू. मग खरे टेलिफोन आले, मोबाइल आले. बाबा गेले, काका गेले. भाऊ परदेशी गेला, मी लग्न होऊन ठाण्याला कोपरीत आले, काकूंचा मुलगा पुण्याला स्थिरावला. पाइपवरचे ते ठोकणेही केव्हाच थांबले असणार, असे मी धरून चालले. विचारले मात्र नाही.

आई थंडीत गेली. सकाळी सात वाजून गेल्यावर काकूंचा फोन आला. "तू ये," त्या म्हणाल्या. "घाई करू नकोस." त्या दुसऱ्या वाक्यावरून मला कळले.

त्यानंतर जे करायचे ते मी केले. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा होतो, तशी मी होते. बोटाला गाल लागतो, गालाला बोट लागत नाही. लोक सांत्वनाला येत, माझा हात हातात घेत, आणि मी पाहत असे की माझा हात त्यांच्या हातात आहे. भावाने फोनवर विचारले, "तू रडलीस का?" मी म्हटले, "नाही अजून." जणू गॅसचा नंबर लावायचा राहिला होता.

तीन महिन्यांनी घर भाड्याने द्यायचे ठरले. एजंटने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून मान हलवली. "मॅडम, घर एक नंबर. पण तो पाइप झाका. फोटोत बघूनच लोक नाक मुरडतात." भावाचेही तेच म्हणणे पडले. मी कॉलेजातून पंधरा दिवसांची रजा घेतली आणि आईच्या पलंगावर झोपू लागले.

रंगारी विठ्ठलवाडीहून येत असे. साठीचा माणूस, मूळचा कोकणातला, कानाच्या पाळीवर कायम पांढरा ठिपका. त्याने पट्टीने भिंती खरवडल्या, भेगांत लांबी भरली, पॉलिश पेपर मारला. घरभर पीठ चाळल्यासारखी भुकटी उडाली. शेडकार्डात पांढऱ्या रंगाचे इतके प्रकार होते की मी डोळे मिटून एकावर बोट ठेवले.

"बीमला छताचाच पांढरा मारू, ताई," तो म्हणाला. "नजर वर निघून जाते, बीम दिसत नाय."

"आणि पायरीला?"

"पायरीला गडद पट्टा. ती दिसायलाच पायजे, नायतर कोणतरी तोंडावर पडेल. काय लपवायचं आणि काय दाखवायचं, एवढंच असतं आमच्या कामात."

"आणि पाइपचा खोका?"

"त्याला भिंतीचा रंग. वेगळा मारलात की माणूस विचारणार, हितं काय आहे?"

झाकण्याआधी पाइपला रेड ऑक्साइड मारायलाच हवा, नाहीतर आत गंज धरेल, असा त्याचा आग्रह होता. ओट्याच्या उंचीवर एका ठिकाणी त्याचा हात थांबला. तिथे आईचे सगळे हिरवे थर उडून रुपयाएवढे उघडे लोखंड दिसत होते. "ताई, हितं रंग धरतच नाय. बघा, कसं चमकतंय. रोज कोणतरी ठोकलंय."

"भांडी लागत असतील," मी म्हटले.

तो पुढे स्टुलावर चढला. केळीच्या पानांवरून लाल ब्रश फिरला तेव्हा मी दूध तापवत होते. दूध उतू गेले नाही.

रोज सकाळी पावणेसातला पाइप वाजत असे. पहिल्या दिवशी मी दचकले. तीन टोले, मध्ये सारखे अंतर, आणि बिडाची ती लांबत जाणारी घणघण, जी कानापेक्षा दातांत जास्त जाणवते. काकू आहेत, हे ओळखले. जुनी सवय, असे मनाशी म्हटले. उत्तर दिले नाही. आईच्या ओट्यापाशी उभे राहून आईचे उलथने हातात घ्यायचे, हे सोंग आणल्यासारखे वाटले. थोड्या वेळाने पुन्हा तीन टोले आले. मग काही नाही. हे असे पाच दिवस चालले. जिन्यात भेटल्यावर काकू माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत, आणि "चहाला ये गं," म्हणून वर निघून जात.

सहाव्या दिवशी सुतार आला. मी त्याला विचारले, "आवाज येऊ नये असं आत काही भरता येईल का?" हे भावाने सांगितले नव्हते, एजंटनेही नाही. सुताराने पाइपभोवती स्पंज गुंडाळला, वरून प्लाय ठोकला, रंगाऱ्याने सांधे बुजवून पहिला हात दिला. दुसऱ्या सकाळी मी वेळेवर जागी होते. खोक्यातून, उशीत तोंड खुपसून कुणी बोलावे तसे, काहीतरी तीनदा आले. तिसऱ्या सकाळी मी पाण्याची मोटर लावून ठेवली.

त्याच दिवशी दुपारी काकू एका वाटीत शेवयांची खीर घेऊन खाली आल्या. गडद पट्ट्याची पायरी त्यांनी नीट पाहून ओलांडली, आणि कोपऱ्याकडे बघून थबकल्या.

"अगं, पाइप कुठाय?"

"आत आहे. झाकून घेतला."

त्यांनी तळवा खोक्यावर ठेवला. दुसरा हात सकाळीच दिलेला, रंग ओला होता. बोटांचे ठसे उमटले. "अगं बाई. बिघडवलं ना मी?" पदराने बोटे पुसत त्या स्टुलावर बसल्या. "तरीच. मला वाटलं, मुलगी रागावली असेल. रोज पहाटे म्हातारी काय ठोकत बसते, म्हणून."

"रागावले नाही, काकू. मला वाटलं सवयीने वाजवता."

"सवय कसली? करार होता आमचा. काका गेल्यापासून. पावणेसातला मी तीन वाजवायचे, तुझ्या आईने दोन. म्हणजे दोघी उठलो. मग ती आमच्या चिरंजिवांना मेसेज टाकायची. त्याच अटीवर तर त्याने मला इथे एकटीला राहू दिलं. मी म्हणायचे, रोज मीच का आधी? तर म्हणायची, तू वयाने मोठी, आधी मरायचा मान तुझा." काकू हसल्या आणि हसता हसता वाटीवरचे झाकण उगाच सारखे केले. "मान तिनेच घेतला. त्या दिवशी वाजवलं, खालून काही नाही. परत वाजवलं. मग किल्ली घेऊन उतरले."

काकू सात वाजता आमच्या दाराशी कशा पोचल्या, हे मी तीन महिन्यांत एकदाही विचारले नव्हते.

"आता तो म्हणतो, खाली कोणी नाही, तू पुण्याला चल. मी म्हटलं, लेक आलीये खाली, ती देईल उत्तर. म्हटला, दिलं तर कळव." त्यांनी खोक्याकडे पाहिले. "रविवारी येतोय न्यायला. बॅग काढून ठेवलीये. बारावा मजला आहे म्हणे. लिफ्टमध्ये आरसा आहे."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तू उत्तर देत नव्हतीस तेव्हा रोज मला तो जिना उतरावासा वाटायचा. मग मीच मला सांगायचे, अगं, ती तरुण आहे, झोपली असेल." त्या उठल्या. "खीर खा. साखर कमी आहे, तुझ्या आईची रेसिपी नाही, घाबरू नकोस."

त्या गेल्यावर मी आईचा मोबाइल शोधला. तो कपाटात, चष्म्याच्या डबीशेजारी, तीन महिने विझून पडला होता. चार्जिंगला लावून मी समोर बसले. काकूंच्या मुलाच्या नावाखाली एकाखाली एक, अंगठ्याने कितीही सरकवले तरी न संपणारा, एकच शब्द होता: वाजलं. वाजलं. वाजलं. मधूनच तिचा स्वभाव डोकावे. वाजलं, पण जोर कमी, बघून येते. वाजलं, उशिरा, मॅच बघत बसली होती रात्री. आणि अगदी शेवटचे, आदल्या दिवशीचे, नुसतेच: वाजलं. त्याखाली त्याचा नेहमीचा अंगठा.

मी वाट पाहिली. आता काही होईल असे वाटले. खिरीची वाटी घेऊन मी खाल्ली. वेलदोडा होता हे कळले. तेवढेच कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटर लावली नाही. खोक्याला कान लावून उभी राहिले. वरून काहीच आले नाही. शनिवार होता.

रंगारी आला तेव्हा मी त्याला म्हटले, "या खोक्याला इथे एक खिडकी कापा. आतला स्पंज निघेल तेवढा काढा."

"आताच तर फिनिश केला, ताई!"

"माहितीये."

"कशाला, पण?"

"वाजवायला."

त्याने माझ्याकडे, मग खोक्याकडे पाहिले. करवतीचे पाते काढून वीतभर चौकोन कापला, हात आत घालून स्पंजाचे लगदे ओढून काढले. आतून लाल पाइप दिसला. "झाकण बसवू? आतलं दिसणार नाय."

"दिसू दे. आणि कडेला गडद पट्टा मारा, पायरीसारखा."

एजंटला फोन करून सांगितले की भाडेकरूने एक गोष्ट मान्य करायला हवी. तो ऐकून हसला. "मॅडम, मटण नको, कुत्रा नको, बॅचलर नको, सगळं ऐकलंय. सकाळी उठून पाइप वाजवा, हे पहिल्यांदाच. लोक पळतील."

"पळू देत. तोवर मी राहीन."

संध्याकाळी वर जाऊन काकूंना सांगितले. बॅग दिवाणावर उघडीच होती; तिच्यात घडी केलेल्या साड्यांवर पितळी बत्ता ठेवलेला. "हा पुण्याला कशाला?" मी विचारले. "तिथे वेलदोडे कुटत नाहीत वाटतं कोणी?" काकू म्हणाल्या, पण बत्ता उचलून त्यांनी ओट्यावर ठेवला.

रविवारी साडेसहाला मी आईचे उलथने घेऊन चौकोनासमोर उभी होते. दांड्याचे टोक एका बाजूने झिजून सपाट झाले होते. ती बाजू आपोआप पाइपकडे वळली. पावणेसात झाले. तीन टोले आले, तळहातापासून कोपरापर्यंत. मी वाजवले. हाताला किती वाजवायचे ते माहीत नव्हते, त्याने जे ऐकले तेच केले.

वरची खिडकी खाडकन उघडली. "अगं, खालून दोन! तीन माझे!"

मी पुन्हा दोन वाजवले. रंग उडून खाली लोखंड दिसू लागले.

मग मी माझ्या फोनवर काकूंच्या मुलाचा नंबर घातला आणि लिहिले: वाजलं. तो पुण्याहून निघालाही असेल, असे वाटले. दूध गॅसवर ठेवले. ते तापायच्या आत त्याचे उत्तर आले: कोण?

मी दुधाखालचा गॅस बारीक केला. मग लिहिले: खालच्या मजल्यावरून.