अर्धा सिनेमा पाहणारी मोठी आई

माझ्या मोठ्या आईने लढाईचे पुष्कळ सिनेमे पाहिले, पण एकही पुरा पाहिला नाही. इंटरव्हलचे दिवे लागले की ती पदर सावरून उठायची आणि बाहेर समोशाच्या काउंटरजवळच्या बाकावर जाऊन बसायची. सिनेमा सुटेपर्यंत तिथेच. आम्ही बाहेर आलो की ‘झाला काय? चला,’ म्हणून पुढे चालायला लागायची. शेवटी काय झालं, हे तिने कधी विचारलं नाही आणि कोणी सांगायला लागलं तर ती रिक्षा शोधायला लागायची.

एकदा मी तिला विचारलं, “मोठी आई, पुढचं काहून नाही पाहत?”

“इंटरव्हलपर्यंत सारे पोरं जिते राहतात,” ती म्हणाली. “मले तेवढंच पाहाचं राहते.”

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नर्मदेकाठच्या एका शहरात, अधारताल मोहल्ल्यात आमचं एकच घर. वर ते, खाली आम्ही. मोठे बाबा फॅक्टरीत फौजेच्या ट्रकांना रंग द्यायचे. पडद्यावर ट्रकांची रांग दिसली की मोठी आई त्यांना कोपराने ढोसायची, “हा तुमचा काय हो?” मोठे बाबा गंभीरपणे म्हणायचे, “असल.” शेखरदादा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो फौजेत गेला, त्यानंतर वर्षभरात मोठे बाबा गेले, आणि मोहल्ल्यात मोठ्या आईचं नावच ‘फौजी की अम्मा’ पडलं.

एवढी भीती वाटते तर सिनेमाला येता तरी कशाला, असं माझी आई तिला म्हणायची. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. “शेखर तर काहीच सांगत नाही. कुठं झोपते, काय पांघरते, ताटात काय पडते, तेवढं तरी दिसते ना!” म्हणून ती पहिला अर्धा भाग डोळे ताणून पाहायची. तंबूतल्या खाटा, पत्र्याचे मग, बुटांच्या रांगा. सिनेमातल्या आयांवर मात्र तिचा राग होता. पोराला निरोप देताना ओवाळणाऱ्या, भाषण करणाऱ्या आया दिसल्या की ती हळूच म्हणायची, “हिचा पोरगा खरा नाही वाटते.”

दादाचा फोन रविवारी यायचा. ती दोनच गोष्टी विचारायची. “जेवला काय?” आणि “थंडी आहे काय?” कुठे आहेस, हे कधी नाही. दादा काही सांगणार नाही हे तिला माहीत होतं, आणि त्याला खोटं बोलायला लावणं तिला आवडत नव्हतं. मग ती फोन अर्चनावहिनींकडे द्यायची आणि मुद्दाम गॅलरीत निघून जायची, नवरा-बायकोला बोलता यावं म्हणून.

आणि मग सरहद्दीवर सुरू झालं. दादाचा फोन बंद लागायला लागला. टीव्हीवर दिवसभर ओरडाआरडा, नकाशे, लाल बाण. शहरात सायरनचा सराव झाला, संध्याकाळी दिवे घालवायला लावले. त्या अंधारात आम्ही सगळे वर तिच्या खोलीत जमलो होतो. गल्लीतली पोरं जिन्यावरून धडधडत आली आणि तिच्या पाया पडली. “अम्मा, भैया तो छा गए! घुस के मारा है!”

“हाँ बेटा,” मोठी आई म्हणाली. “पानी पियोगे?”

पोरं गेल्यावर ती मला म्हणाली, “यायले कसं माहीत, शेखर कुठं आहे ते? मले तर माहीत नाही.”

एक दिवस दुपारी वरून मिक्सरचा आवाज येत होता. बराच वेळ झाला तरी थांबेना, म्हणून मी वर गेलो. अर्चनावहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि मिक्सरचं भांडं रिकामंच फिरत होतं. त्या आवाजात त्या रडत होत्या. बाथरूमचा नळही सोडलेला होता आणि आत मोठी आई होती. दोघी एकमेकींना ऐकू जाऊ नये म्हणून ही धडपड करत होत्या. मी तसाच खाली आलो. आपण काय करावं, ते मला त्या घरात कधीच कळलं नाही.

दादाचा फोन आला तेव्हा तो चारच शब्द बोलला, “मी ठीक आहे, आई.” काही महिन्यांनी तो सुट्टीवर आला. अंगावर ओरखडाही नव्हता. मोहल्ल्याने हार घातले, ढोल लावला. दादा त्या हारांत उभा होता आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला त्याची मान आखडत होती. त्यानंतर तो गच्चीवर जाऊन बसला तो जवळजवळ सुट्टीभर. मोठी आई ताट घेऊन वर जायची आणि तेच ताट घेऊन खाली यायची. “जेवला काय, हे आता विचाराची सोय नाही राहिली,” ती एकदा माझ्या आईला म्हणाली.

हळूहळू वहिनींकडून कळलं की दादाचा फौजेतला जोडीदार दीपक त्याच्या शेजारीच मारला गेला होता. दीपक शहपुऱ्याचा, आमच्या इथून बसने जाता येईल इतक्या जवळचा. दादाला त्याच्या घरी जायचं होतं आणि जाववत नव्हतं. शेवटी मोठी आईच उठली. “चाल, मी येतो,” ती म्हणाली. मलाही बरोबर घेतलं.

मटाराचे दिवस होते. दीपकची आई ओसरीवर मटाराची टोपली घेऊन बसली होती. तिने दादाला जवळ बसवून घेतलं, त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवला, जणू कुठे मोडलं आहे का ते पाहत होती. मग तिने विचारलं, “बेटा, आखिर में कुछ बोला था?”

दादा खाली पाहत म्हणाला, “पानी माँगा था, अम्मा.”

“मिला था?”

दादाने टोपलीतली एक शेंग उचलली आणि तशीच मुठीत धरली. ती बाई त्याच्याकडे पाहत राहिली. मोठ्या आईने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा त्या बाईकडे, आणि मटाराची टोपली स्वतःकडे ओढून शेंगा सोलायला घेतल्या. थोड्या वेळाने दीपकच्या आईनेही हात चालवायला सुरुवात केली. टोपली संपेपर्यंत दोघी सोलत राहिल्या.

परतीच्या बसमध्ये दादा पुढे बसला होता. मोठी आई माझ्या कानाशी म्हणाली, “ते बाई माझ्याकडं पाहे, तर मले माझा पोरगा पदराखाली लपवावा वाटे. जिता आहे म्हणून लाज वाटे रे.”

सुट्टी संपली आणि दादा परत जायला निघाला. वहिनी मोठ्या आईला म्हणाल्या, तुम्ही एकदा ‘नको जाऊ’ म्हणा, तुमचं ऐकतील. मोठी आई म्हणाली, “अन् तो नाही ऐकला, तर हे बोलणं जड होऊन सोबत जाईल त्याच्या.” स्टेशनवर तिने त्याची बॅग उचलून पाहिली, पुन्हा खाली ठेवली. गाडी हलली तेव्हा तिने हातही हलवला नाही, दोन्ही हातांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्यानंतर ती अधूनमधून एकटीच शहपुऱ्याला जायची. काय बोलता दोघी, असं मी विचारलं तर म्हणाली, “काही नाही. ते बसते, मी बसतो.”

पुढच्या हिवाळ्यात मोठी आई झोपेतच गेली. दादा तेव्हा खूप उंचावरच्या चौकीवर होता. बर्फाने रस्ता बंद, हेलिकॉप्टर उडत नव्हतं. एक दिवस वाट पाहिली. दादाच मला फोनवर म्हणाला, आता ठेवू नका, तू दे अग्नी. म्हणून ग्वारीघाटावर त्याच्या जागी मी उभा राहिलो. वहिनींनी मोबाइल समोर धरला होता. पडद्यावर दादाचा चेहरा कानटोपीत गुंडाळलेला, मध्येच थिजायचा, मध्येच हलायचा.

“थोडं जवळ घे,” तो म्हणाला. वहिनी जवळ गेल्या. गुरुजींनी माझ्या हातात पेटती चूड दिली.

“थांब,” दादा म्हणाला. “एक मिनिट थांब...” आणि चित्र गेलं.

वहिनींनी पुन्हा पुन्हा फोन लावला. लागेना. मी आग हातात घेऊन उभा होतो. गुरुजी म्हणाले, “भैया, कब तक?” लोक माझ्याकडे पाहत होते. नर्मदेवरून वारा येत होता आणि ज्वाळा माझ्याच बाजूला वळत होती. शेवटी वहिनींनी फोन छातीशी धरला आणि मानेनेच होकार दिला. मी अग्नी दिला.

संध्याकाळी दादाचा फोन लागला.

“थांबला होता काय?” त्याने विचारलं.

“थांबलो होतो,” मी म्हणालो.

मग मी विचारलं, “थंडी आहे काय?”