अमिनाबाईचा सवाल

पाचोऱ्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. तोताराम अर्जनवीस म्हटलं की कुणीही बोट दाखवील. अक्षर बरं आहे, घमेंड त्याहून मोठी. त्या घमेंडीनं अमिनाबाई पिंजारणीचं वाटोळं केलं, ते सांगतो.

बाई विधवा. कापूस पिंजून लोकांच्या गाद्या भरायची. एकुलता एक मुलगा गफूर शेहेचाळीस साली कामधंद्याला कराचीला गेला. मागोमाग देशाचे दोन तुकडे झाले. नऊ वर्षांनी पोरगा घरी आला तो पाकिस्तानचा पासपोर्ट घेऊन, तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्याशिवाय येताच येत नव्हतं, तर काय करील बिचारा? इथं जन्मला, इथल्या मातीत लोळला, आणि इथंच परदेशी!

मुदत संपली. गफूर गेला नाही. आमचे हवालदार जीवरामभाऊ दर महिन्याला वर लिहायचे, 'तपास चालू आहे.' तपास कसला डोंबलाचा! त्यांच्या घरची गादी गफूरच भरून द्यायचा. असं दीड वर्ष निभावलं.

पण बाईच्या जिवाला घोर. परका माणूस दारात आला की पोरगा कापसाच्या ढिगामागे. "भाऊ, मना पोर्‍याले पक्का कागद करी द्या," म्हणायची. मी म्हटलं, अमिनाबाई, आपले खासदार दिल्लीत प्रश्न विचारतील. लोकसभेत विचारलं की सरकारला उत्तर द्यावंच लागतं! काय खूश होतो मी स्वतःच्या अकलेवर. चार पानं लिहिली. नाव, गाव, व्हिसा कधी संपला, काही म्हणजे काही सोडलं नाही. खासदार भला माणूस, त्यांनी खरंच प्रश्न टाकला.

दोन महिन्यांनी छापील उत्तर आलं. मुदत संपूनही पूर्व खानदेशात राहिलेल्या व्यक्ती किती? एक. त्यांना इथं राहू देणार का? नाही. परत पाठवण्याची कारवाई चालू आहे.

"मना पोर्‍यानं नाव कोठे शे?" बाईनं विचारलं. नाव नव्हतंच. मी तिचं बोट धरून त्या 'एक'वर ठेवलं. ती किती तरी वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली. पुढचं मी वाचून दाखवलंच नाही. भेकड मेला!

चौथ्या दिवशी जळगावहून पोलीस आले. जीवरामभाऊंना वरून चांगलंच झापलं होतं. ते मला एवढंच म्हणाले, "तोताराम, तुला कुणी सांगितलं होतं रे?" गफूरला स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. अमिनाबाई भाकरीचं फडकं घेऊन डब्यामागे धावली. गाडी सुटली, फडकं तिच्याच हातात राहिलं.

नंतर पत्र नाही, निरोप नाही. वर्षभरानं बाई लिंबाखाली येऊन बसली. "भाऊ, आखो एक सवाल टाका. इचारा, मना पोर्‍या कोठे शे?"

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. म्हटलं, बाई, आपण प्रश्न विचारला नसता तर गफूर आज घरात असता. माझ्या अर्जानंच त्याला धरून दिलं. आता ही शिव्या देईल, तोंडावर थुंकेल, म्हणून मान खाली घालून बसलो.

ती थोडी पुढे सरकली. माझ्यापुढे हात जोडले आणि अगदी अजिजीनं म्हणाली, "मंग तो सवाल माघारी ली ल्या ना, भाऊ."