हायकूत न बसलेली बाज

निरवांगीच्या शाळेत सातवीला हायकू शिकवायचं मी ठरवलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीतून पहिला प्रश्न आला, "परीक्षेला आहे का?" नव्हतं. म्हणून तर शिकवायचं होतं.

जपानी कविता, तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं आणि डोळ्यांसमोरचं एक चित्र, एवढं सांगून मी मोकळी झाले. मोजणं पोरांना लगेच जमलं. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत सगळा वर्ग पुटपुटत बसायचा. गाडी अडायची ती शेवटच्या ओळीवर. एकाने लिहिलं:

ऊस तोडला
बगळे शेतामध्ये
पाणी वाचवा

मी कपाळावर हात मारला. पण त्यांना तरी काय बोलणार? पहिलीपासून शाळेच्या भिंती त्यांना उपदेश करत आल्या आहेत: झाडे लावा, हात धुवा, पाणी वाचवा. शेवटी काहीतरी बजावल्याशिवाय लिहिणं पुरं होतं, हे त्यांना पटेचना. "बगळ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय रे?" मी करवादले. "पाहिलं तेवढंच लिहा. पुढचं ऐकणाऱ्याला म्हणू द्या." हे मी इतक्यांदा म्हटलं, की पोरं मधल्या सुट्टीत माझी नक्कल करू लागली.

वर्गात एक अबोल मुलगी होती. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता वडील बारामतीला नोकरीला, आणि तिच्या आजोबांचे, आबांचे, गुडघे गेलेले. मेंढरांमागे चालणारं कुणी उरलं नाही, म्हणून दिवाळीत सगळी विकली. तेव्हापासून आबा घरात फारसे बोलत नव्हते आणि मेंढरांचं नावही कुणी काढत नव्हतं. तिने लिहिलं:

मेंढरं गेली
कुत्रं राखतं जागा
तीच अजून

वाचलं आणि त्या तासाला मला पुढे काही शिकवता येईना. पालक मेळाव्यात हे तिनेच वाचायचं, असं मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी तिची आई शाळेत आली. "बाई, उद्या मामंजी यायचे हायती. तेवढं मेंढरांचं वाचायला नगा लावू. कसंबसं दोन घास खात्यात. जिवाला लावून घेतील."

तिचं काही चुकत नव्हतं. त्या घरात रोज जेवायला वाढणारी ती होती, मी नव्हे. मला धड हो म्हणवेना, धड नाही म्हणवेना. शेवटी पोरीलाच विचारलं. ती म्हणाली, "बाई, कुत्रं कुठं बसतंय ते आबांला रोज दिसतंय की. मी काय नवीन सांगनार?"

तिने वाचलं. पालकांनी रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवल्या. आबांनी वाजवल्या नाहीत. पुढच्या खुर्चीत काठीवर दोन्ही हात ठेवून ते खाली बघत होते. सुनेने पदर तोंडाला लावला. मी मनात म्हटलं, झालं, हायकूच्या हौसेपायी एका म्हाताऱ्याचं दुखणं चारचौघांत उघडं केलं.

कार्यक्रम संपला तरी आबा उठेनात. मांडव रिकामा होत आला. नात जवळ गेली, तेव्हा त्यांनी विचारलं, "आन् पुढं?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "पुढं न्हाय, आबा. पुढचं ऐकनाऱ्यानं म्हनायचं असतंय."

आबांनी काठी बाजूला टेकवली. "मंग माजी बाज कुठाय त्यात? रातचं मेंढरांपाशी, कुत्र्याला खेटूनच असायची. थंडीचं ते बाजंखाली शिरायचं. पाठीला ऊब लागायची माज्या." मग ते बोलतच राहिले. लंगड्या मेंढीचं, रानात व्यालेल्या मेंढीचं, रातच्या लांडग्याचं. सून मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसली आणि ऐकत राहिली. मीही तिच्याशेजारी बसले.

"ती बाज घाल की त्यात," आबा म्हणाले.

पोरीने पेरांवर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. "न्हाय बसत, आबा. तीनच वळी असत्यात."

आबा खुर्ची तिच्याकडे सरकवून म्हणाले, "मंग दुसरं लिव. मी सांगतो."