साहेबांचं बोट

तळेगावच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही पेशीभोवती असतो तसा चरबीचा अतिपातळ कृत्रिम पडदा तयार करायचो. तो आधाराशिवाय लगेच फुटायचा, म्हणून अतिसूक्ष्म छिद्रांच्या चकतीवर पसरायचा. चकतीला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. साहेब मात्र पाहुण्यांबरोबर लोणावळ्याची चिक्की खायचे आणि त्याच चिकट बोटाने चकती चोळून म्हणायचे, "बघा, किती गुळगुळीत." डोळ्यांना दिसत नाही ते छिद्र त्यांच्या लेखी नव्हतंच. छिद्रं बुजायची, पडदा टिकायचा नाही. मी कारण सांगितलं, तर म्हणाले, "तुम्हाला नुसत्या सबबी हव्यात."

शेवटी चकतीच हलक्या प्रतीची ठरवून त्यांनी परदेशातून नवी मागवली. खोकं स्वतः उघडलं, चकतीवरून सावकाश बोट फिरवलं आणि समाधानाने म्हणाले, "हा खरा माल."