उलटा फिरणारा रोल

आर्णीतला माझा स्टुडिओ आता पासपोर्ट फोटोंवर चालतो, पण रोलच्या कॅमेऱ्यावर मी वीस वर्षं लग्नांचे फोटो काढले. कॅमेऱ्यातलं मला कुणी शिकवू नये, असा माझा ताठा.

फुलसावंगीची थोरली बहीण पेटीत सापडलेला भाऊजींचा मोटरवाला कॅमेरा घेऊन आली, तेव्हाही तो ताठा होताच. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. घरातल्या सगळ्यांचे फोटो ते काढायचे, स्वतः कशातच नसत. जाण्याच्या आठवड्यात ताईनं हट्टानं त्यांचा एक काढला, आणि मोटर घुरघुरून मधेच बंद पडली. लग्नाच्या फोटोत ते घाबरलेले, मतदान कार्डावर तर ओळखूच येत नाहीत. तिला तो एक हसरा फोटो हवा होता.

मी नवे सेल घातले. मोटर हूं नाही की चूं नाही. आकड्याच्या खिडकीत ‘एक’ दिसत होता. माझं डोकंच फिरलं. म्हणजे फिल्म पुढे सरकलीच नव्हती, एकही फोटो उमटला नव्हता! तसं मी तिला सुनावलंही.

"रोल संपतच आलता रे," ती म्हणाली. "उघडू नको."

मी ऐकतो थोडाच. रोल भरण्यात भाऊजींचीच चूक, हे दाखवायला भर दुपारी दारात झाकण उघडलं. फिल्मचं जेमतेम एक वेटोळं बाहेर, बाकी सगळी रोलच्या डबीत. पाहा, म्हणालो आणि झाकण आपटलं.

त्या दणक्यानं मोटर जागी झाली. फिल्म ओढल्याचा आवाज आला आणि एकाचं शून्य झालं. तेव्हा कुठे मला आठवलं. काही मोटरवाले कॅमेरे रोल भरताच सगळी फिल्म आधी बाहेर गुंडाळून घेतात, आणि फोटो काढला की तेवढी डबीत परत ओढतात. आकडे उतरत जातात. झाकण चुकून उघडलं तरी काढलेले फोटो सुरक्षित राहावेत म्हणूनच ही सोय. ताईचा फोटो मात्र मोटर थांबल्यानं अर्धा डबीत होता आणि अर्धा माझ्या दारातल्या उन्हात.

मी तिला तिथंच सगळं सांगितलं. नागपूरहून फोटो धुऊन येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही.

फोटोंत ताईच्या पोरी आल्या, ताई आली, फिकट का होईना, पण आल्या. शेवटचा फोटो अर्धा पांढराफट्ट. चेहरा गेला होता. उरला होता एक खांदा आणि पुढे केलेला हात. ताईनं त्यावर बोट ठेवलं.

"बटण हळू दाब म्हणत होते मले," ती म्हणाली. "चेहरा तं मले रोज दिसते रे. हा हात मी विसरलीच होती."

तिनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. पण माझ्यानं तिच्याकडे पाहवेना.