अधांतरी उभा नवरा

रफूवाल्या मावशींनी बुजवलेलं भोक कोटाच्या मालकालाही सापडत नसे. ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीपाशी बसून त्यांनी सव्वीस वर्षं हेच काम केलं. "दोरा त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून काढायचा, म्हणजे कापडाला परकं वाटत नाही," असं त्या म्हणायच्या.

एका दुपारी सुई ओवताना त्यांचं डोकं असं काही ठणकलं की "अगं आई गं!" एवढंच ओरडून त्या मांडीवरच्या कोटावरच ओकल्या. इस्पितळात कळलं, मेंदूजवळची फुगलेली रक्तवाहिनी फुटून मेंदूभोवती रक्त पसरलं होतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. डावी पापणी मात्र मिटलेलीच राहिली. ती उचलली की आतला डोळा खाली, बाहेरच्या बाजूला, भलतीकडेच बघत असायचा.

"डोळा हलवणारी नस दुखावली आहे. सुधारेल, पण किती ते आज नाही सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मावशींनी बोटाने पापणी उचलली आणि त्या थिजल्या. समोर नवरा कप घेऊन उभा होता. त्याच्या जरा बाजूला आणखी एक नवरा होता, वीतभर वर. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"तुमच्याशेजारी कोण उभंय?"

"मीच दोनदा दिसतोय तुला. सांगितलं होतं ना डॉक्टरीणबाईंनी?"

"ते कळतं हो मला. पण तो तुमच्यापेक्षा जास्त बघतो माझ्याकडे."

"चला, एकाला तरी कदर आहे!" नवरा हसला. पण त्यानंतर तो खोलीतल्या त्या जागेला वळसा घालून जायला लागला. मावशींच्या ते लक्षात आलं.

पापणी हळूहळू वर आली. दुसरा नवरा रोज थोडा जवळ सरकत होता. सातव्या महिन्यात एका सकाळी मावशी म्हणाल्या, "शिरला तो तुमच्यात."

शर्टाचं बटण लावता लावता नवऱ्याचा हात थांबला. "मग आता उरलाय तो कोण?"

मावशींनी जवळ येऊन त्याची हनुवटी चाचपली. "तुम्हीच असाल."

त्या पुन्हा कामाला जाऊ लागल्या. फक्त वर बघायचं त्या टाळतात; डावा डोळा अजून तिकडे पुरता वळत नाही. नवरा स्टुलावर चढून दिवा बदलतो, तेव्हा त्या मान खाली घालून स्टूल घट्ट धरतात आणि म्हणतात, "झालं का? दोघंही उतरा आता."